‘फॉल्ट’ला मराठीत काय म्हणावं?

वणीकर : कोळसा खाणीच्या भूगर्भीय मॉडेलचं माहितीपत्रक ग्रामसभेसाठी मराठीत करायचं आहे. फॉल्ट म्हणजे जिथं खडकाचे थर तुटून एकमेकांपासून सरकलेत ती जागा; यंत्राच्या भाषांतरात त्याचा ‘दोष’ झालाय. ‘शिवाराखाली चार दोष आहेत’ वाचून शेतकरी काय समजेल? शाळेतला ‘प्रस्तरभंग’ चालेल?

शब्दार्थी : नको. भंग म्हणजे तुटणं. खडक तुटला पण सरकला नाही, तर तो नुसता सांधा. ‘भ्रंश’ म्हणजे जागेवरून ढळणं : स्थानभ्रंश, गुदभ्रंश.

मोर्शीवाला : पण भ्रंश खालीच पडतो ना भाऊ? उलट्या फॉल्टमध्ये तिरक्या भेगेच्या वरची बाजू वर चढते. त्यापेक्षा ‘खच’ म्हणा, खचदरी सगळ्यांना ठाऊक आहे.

वणीकर : ‘खच’ तर मुळीच नको! आमच्याकडे भूमिगत खाणीवरची जमीन बसली की ‘खचली’ म्हणतात. गावात घबराट होईल.

खाणमाप : खाणीत सगळे फॉल्टच म्हणतात, तोच ठेवा. पत्रकात तो नीट समजवा, कारण मॉडेल तिथंच फसतं. बोअरच्या (कोळसा शोधायला जमिनीत पाडलेल्या छिद्रांच्या) नोंदी भरून लगेच कोळशाचा थर ओढला, तर सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंचे बिंदू जोडतं आणि ३० मीटरच्या उडीचा गुळगुळीत उतार होतो. आधी फॉल्टची पृष्ठं ओढायची, कोण कोणाला कापतो ते ठरवायचं (नवा जुन्याला कापतो), मग प्रत्येक ठोकळ्यात थर वेगळा. उभ्या बोअरमध्ये थर गायब, तर बहुधा साधा फॉल्ट, म्हणजे वरची बाजू खाली घसरलेला. तोच थर दोनदा लागला, तर उलटा. थर झिजूनही गायब होतो, म्हणून शेजारचे बोअर ताडून पाहायचे.

साध्या फॉल्टचा उतार ६० अंशांचा आणि थर ३० मीटर खाली गेलेला असला, की नकाशात सुमारे १७ मीटर रुंद बिनकोळशाची पट्टी सुटते. फॉल्ट उभा धरला की ती पट्टी बुजते. थर १५ मीटर जाड, फॉल्ट १ किलोमीटर लांब : जवळपास ४ लाख टन कोळसा फक्त कागदावर.

शब्दार्थी : माहिती मोलाची, पण ‘फॉल्ट’ लिहिणं म्हणजे हार मानणं. ‘प्रस्तर’ तरी स्तृ, पसरणे, यातून आलाय. थराची कल्पना त्यात आहे.

मोर्शीवाला : म्हणजे आता तुम्हीच प्रस्तरभंगाकडे आले!

शब्दार्थी : प्रस्तरभ्रंश म्हणतोय मी.

खाणमाप : मग त्या १७ मीटरच्या पट्टीला काय म्हणणार? तिला तर खाणीतही मराठी शब्द नाही.

मोर्शीवाला : ‘फट’?

शब्दार्थी : फट पोकळ असते. इथं खडक भरलेला आहे, फक्त कोळसा नाही.