कादंबरी वाचून दाखवताना निवेदकाने किती अभिनय करावा?

कात्रजकर:
मंडळी, मी रोज कंपनीच्या बसने कात्रजहून हिंजवडीला जातो आणि नवले पूल ते चांदणी चौक कधी किती वेळ लागेल याचा काही नेम नसतो, म्हणून वर्षभरापासून बसमध्ये कादंबऱ्या ऐकायला लागलोय, वीसेक तरी झाल्या असतील. आता सवय अशी लागलीये की पुस्तकापेक्षा आधी निवेदक कोण ते बघतो.

मागच्या आठवड्यात एक ऐकली, नाव देत नाही कारण लेखकाची काहीच चूक नाही. आई गेल्यावर तेरावं उरकतं, मुलगा एकटाच चुलीपाशी बसतो आणि तिची फुंकणी हातात घेतो. बस एवढंच. पण निवेदकाने तिथे असा काही हुंदका काढला आणि वरून बासरी लावलेली, की तो मुलगा राहिला बाजूला, मी निवेदकाचं रडणंच ऐकत बसलो. राहवेना म्हणून शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक आणलं, तेच पान काढलं. फुंकणीचं वाक्य, पूर्णविराम, आणि खाली नवा परिच्छेद, पाहुणे निघाल्याचा. जे काय होतं ते त्या दोन परिच्छेदांमधल्या गप्प जागेत होतं हो, आणि नेमकी तीच भरून टाकली.

पुरुष निवेदक बायकांचे संवाद आवाज बारीक करून म्हणतात तेही मला सहन होत नाही. तुम्हाला असं होतं का? का मीच जास्त मनाला लावून घेतोय?

शनिवारातली काकू:
अजिबात जास्त नाही. आम्ही शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांची कथाकथनं ऐकत मोठे झालो. पण ते स्वतःच्याच कथा सांगायचे आणि समोर माणसं बसलेली असायची. लोक हसले की थांबायचं, हसणं ओसरलं की पुढचं वाक्य. बंद खोलीत माईकसमोर एकट्याने वाचणाऱ्याला तो अंदाज कुठून येणार, मग तो सगळंच जोरात करतो. आणि आकाशवाणीवरची श्रुतिका हा वेगळाच प्रकार, तिथे पात्रागणिक नट असतो, तिथे रडा की खुशाल. अभिवाचनात एकच आवाज असतो आणि त्याने आधी लेखकाचं वाक्य सांभाळायचं असतं.

मला मात्र रडण्यापेक्षा उच्चार जास्त खुपतात. 'गुरांना चारा' मधला च आणि 'चार माणसं' मधला च वेगळा, हे मराठी वाचणाऱ्याला सांगावं लागू नये ना! 'जरा थांब' मधला जरा जर म्हातारपणाच्या जरेसारखा म्हटला तर माझं लक्ष तिथेच अडकतं, गोष्ट पुढे निघून जाते.

ऐकीव वाचक:
माझी बाजू थोडी वेगळी आहे. मला दिसत नाही, त्यामुळे कॉलेजपासून सगळं वाचन कानानेच, निम्मं स्क्रीन रीडरच्या मशीनी आवाजात. मी पावणेदोनच्या स्पीडला ऐकतो. त्या स्पीडला अभिनय केलेलं वाचन कळतच नाही, कुजबुज केली की शब्द गायब, ओरडले की कानठळ्या, सारखा हात आवाजाच्या बटणावर. सरळ, स्वच्छ, एकसारख्या आवाजातलं वाचन असेल तर भावना माझ्या मी घालतो.

पण म्हणून मशीन पुरतं असंही नाही. काकू म्हणतात तो च-ज चा फरक लिपीत दिसतच नाही, तो माणसाला अर्थावरून कळतो, मशीन तिथे हमखास चुकतं. कथेत तर तेवढ्याने रसभंग होतो. अजून एक कळकळीची विनंती, प्रकरणं वेगवेगळी करा रे. अकरा तासांची सलग फाइल दिली की मागचं एक वाक्य शोधायला मला अर्धा तास लागतो, आम्हा न दिसणाऱ्यांच्या बोलक्या पुस्तकांसाठीच्या डेझी फॉरमॅटमध्ये थेट प्रकरणावर जाता येतं तसं सगळीकडे हवं.

पेन्सिलवाला:
मी दोन कादंबऱ्या रेकॉर्ड केल्यात म्हणून पलीकडची बाजू सांगतो. तासाभराच्या तयार ऑडिओला मला तीन तास तरी बसावं लागायचं. एप्रिलमध्ये पंखा बंद, कारण त्याची घरघर येते, पोटात गुडगुडलं तरी टेक परत. पैसे मात्र तयार तासाचे, त्यामुळे बरेच जण पुस्तक आधी पूर्ण वाचतच नाहीत, पान उलटेल तसं वाचत जातात. मग पुढे काय होणार हे माहीत नसल्यामुळे प्रत्येक प्रसंग शेवटचा असल्यासारखा वाचला जातो. तुमच्या फुंकणीचं असंच झालं असणार असं मला वाटतं.

मी आधी पूर्ण वाचतो, मग पेन्सिलने खुणा, कुठे श्वास, कुठे नुसतं थांबायचं. आणि बोलीचं म्हणाल तर पुण्यात बसून सगळ्या गावांना एकच 'व्हय-न्हाय' लावणं हा त्या माणसांचा अपमान आहे, साताऱ्याचं बोलणं वेगळं, कोल्हापूरचं वेगळं, अहिराणी आणि मालवणी तर आणखीच लांब. मी कोल्हापूरच्या मित्राला फोनवर संवाद वाचायला लावायचो आणि हेल पकडायचो. नाहीच जमला तर शब्द लेखकाचे ठेवून साध्या आवाजात वाचायचं, सोंग आणायचं नाही.

वनाज-रामवाडी:
मी थोडी विरोधात. मेट्रोच्या गर्दीत उभं राहून ऐकते, तिथे सपाट वाचन असलं की गरवारे येईपर्यंत मन भलतीकडे गेलेलं असतं. रहस्यकथेला आवाजात जरा चढउतार हवाच. पार्श्वसंगीत मात्र नको, तिथे कात्रजकरांशी शंभर टक्के सहमत.

कात्रजकर:
सगळ्यांचे आभार. पेन्सिलवाले, आधी पूर्ण वाचत नसतील हे डोक्यातच आलं नव्हतं, आता त्या निवेदकावरचा राग बराच उतरला. यापुढे घेण्याआधी सुरुवातीचं सॅम्पल नाही, मधल्या एखाद्या संवादाचा तुकडा ऐकायला मिळतोय का बघतो, सुरुवात सगळेच नीट वाचतात. ऐकीव वाचक, तुम्हाला आवडलेली दोन-तीन सरळ वाचनं सांगाल का? सोमवारपासून ऐकायला घेतो.