जुन्या स्विचने रूटच पळवला! नुसती प्रायॉरिटी पुरेल का?

रात्रपाळी:
काल कुणीतरी कपाटातला जुना स्विच काढून मीटिंग रूमच्या पोर्टला लावला आणि सगळं नेटवर्क अर्धा मिनिट ठप्प, मग सुरू झालं पण नुसतं रखडत. शोधत गेलो तर ते डबडंच रूट ब्रिज (एसटीपी, म्हणजे लूप टाळणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, ज्या स्विचला केंद्र धरून मार्ग ठरवतो तो) होऊन बसलेलं. आमच्याकडे प्रायॉरिटी (रूट निवडायचा आकडा, लहान तो जिंकतो) सगळीकडे डिफॉल्ट आहे, व्हीलॅन (स्विचवरचं आभासी नेटवर्क) 1 ला 32769 दिसते. कोअरवर (मधल्या मुख्य स्विचवर) 4096 टाकली की भागेल ना? रूट गार्ड, बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते एसटीपीचे संदेश) गार्ड, लूप गार्ड वाचून डोकं भणभणलंय.

गुंतलेली केबल:
प्रायॉरिटी सारखी असली की ज्याचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) लहान तो रूट, आणि जुन्या स्विचचा मॅक बऱ्याचदा लहान निघतो, म्हणून ही म्हातारी मंडळी खुर्ची पटकावतात. 4096 टाकच, दुसऱ्या कोअरला 8192. पण उद्या कुणी 0 वाला जोडला तर परत तेच रडगाणं, म्हणून युजरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच सुरू करणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड लाव, बीपीडीयू आला की पोर्ट थेट एरर-डिसेबल, म्हणजे बंद. रूट गार्ड लावायचा कोअरच्या त्या पोर्टवर जे ॲक्सेस स्विचकडे (युजर जोडलेल्या स्विचकडे) जातात. तिकडून आपल्यापेक्षा सरस बीपीडीयू आला तर पोर्ट अडवला जातो आणि ते यायचे थांबले की आपोआप सुटतो. ॲक्सेसच्या अपलिंकवर (कोअरकडे जाणाऱ्या पोर्टवर) चुकूनही लावू नकोस, खऱ्या रूटलाच अडवून बसशील.

एकच स्ट्रँड:
लूप गार्ड वेगळ्याच दुखण्यावर आहे. फायबरची एक बाजू मेली की बीपीडीयू यायचे बंद होतात, ब्लॉक असलेल्या पोर्टला वाटतं रस्ता मोकळा झाला आणि तो फॉरवर्डिंगला जातो (डेटा पुढे सोडायला लागतो), की झाला लूप, डेटा गोल गोल फिरत बसतो. म्हणून तो अपलिंकवर. रूट गार्ड आणि लूप गार्ड एकाच पोर्टवर नाही चालत. आणि बीपीडीयू फिल्टर इंटरफेसवर टाकू नकोस बाबा, त्या पोर्टवर एसटीपी बंदच झाल्यासारखं आहे ते, मी एकदा टाकून अख्खा मजला झोपवलाय.

रात्रपाळी:
साधा अनमॅनेज्ड (काही सेटिंग करता न येणारा) स्विच बीपीडीयू पाठवतच नाही, मग गार्डला कळणार कसं?

गुंतलेली केबल:
नुसता लावला तर नाही कळत, त्याला पोर्ट सिक्युरिटीने मॅकची संख्या बांधून टाक. पण त्याचीच केबल त्याच्यातच खुपसली कुणी तर आपलाच बीपीडीयू फिरून परत येतो आणि पोर्ट पडतो. आणि हो, एरर-डिसेबल आपोआप उठत नाही, रिकव्हरी चालू करावी लागते, मग 300 सेकंदांनी उठतो. मी मुद्दाम बंद ठेवतो, फोन आला की कळतं कुणी काय खुपसलंय ते.