प्रत्येकाच्या हाती ऑटोमॅटिक रायफल असताना सेक्शनला वेगळी एलएमजी कशाला?

प्रश्न : विद्यार्थी, खानापूर
मी सैन्यभरतीची तयारी करीत आहे. एके-२०३ ही रायफल ऑटोमॅटिक असून तिच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या बसतात. असे असताना सेक्शनने, म्हणजे सुमारे दहा जवानांच्या तुकडीने, आपल्या सैन्याने घेतलेल्या सुमारे ८ किलो वजनाच्या इस्रायली नेगेव्हसारखी एलएमजी (लाइट मशीनगन) वेगळी का वाहायची, हे मला नीट उमगत नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने तर गेल्या दशकात एम-२४९ ही पट्ट्याने गोळ्या घेणारी मशीनगन सेक्शनमधून काढून तिच्या जागी एम-२७ ही ऑटोमॅटिक रायफल आणली. मग आपण उलट्या दिशेने चाललो आहोत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त हवालदार, निपाणी
आपण मॅगझिनमधल्या गोळ्या मोजल्यात, पण खरा प्रश्न फायर किती वेळ टिकवता येतो हा आहे. रायफल बर्स्टवर ठेवून एकामागून एक मॅगझिने रिकामी केली, की तिची पातळ बॅरल तापते, नेम बिघडतो आणि बहुतेक रायफलींची बॅरल लढाईत बदलता येत नाही. आमच्या वेळी ब्रेन या जुन्या ब्रिटिश मशीनगनचे ७.६२ मिमी रूप असलेली एलएमजी होती. तिच्यावर दोघे जण असत. नंबर एक फायर करी आणि शेजारी पोझिशन घेतलेला नंबर दोन वरून मॅगझिन बदली. बॅरल तापली की तो बॅरलचा नट उचली, कॅरिंग हँडल धरून गरम बॅरल काढी आणि थंड बॅरल बसवी. सरावलेल्या जोडीला या कामाला काही सेकंद पुरत असत.

दुसरी गोष्ट बोल्टची, म्हणजे गोळी चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) ढकलणाऱ्या भागाची. ब्रेन, एम-२४९, नेगेव्ह या हत्यारांत ट्रिगर सोडल्यावर बोल्ट मागे राहतो, त्यामुळे चेंबर रिकामे राहून हवा खेळते. रायफलीत मात्र पुढची गोळी तापलेल्या चेंबरमध्ये जाऊन बसते आणि उष्णता फारच वाढली, तर ट्रिगर न दाबताही सुटू शकते. सेक्शनचे अर्धे जवान उठून पुढे धावत असताना उरलेल्यांचा फायर क्षणभरही तुटता कामा नये. शत्रूने डोके वर काढले, की धावणारा जवान पडतो. बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये तयार झालेल्या आम्हा सर्वांना ही गोष्ट पहिल्यापासून पढवलेली असते.

उत्तर : इतिहासाचा वाचक, शहापूर, बेळगाव
हवालदार साहेबांच्या मुद्द्याला इतिहासाचा पुरावा आहे. अमेरिकेची बीएआर ही १९१८ ची ऑटोमॅटिक रायफल दोन्ही महायुद्धांत लढली, परंतु २० गोळ्यांचे मॅगझिन आणि न बदलता येणारी बॅरल यांमुळे ब्रेनइतका सलग मारा तिला कधीच जमला नाही. ब्रिटनने १९८० च्या दशकात जड बॅरलची, ३० गोळ्यांची एल-८६ सेक्शनला दिली. तिचा नेम उत्तम होता, पण मारा अपुरा पडला म्हणून पुढे पट्ट्याची मिनिमी ही मशीनगन घ्यावी लागली.

मात्र एम-२७ ची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. रिकामी एम-२४९ सुमारे साडेसात किलोची, तर एम-२७ साडेतीन किलोच्या आसपास; त्यामुळे गनर इतर जवानांबरोबर घरांतून, गल्ल्यांतून धावू शकतो. तिची पहिली गोळी अचूक जाते आणि इतर रायफलींसारखीच दिसत असल्याने गनर कोण, हे शत्रूला चटकन ओळखता येत नाही. तरीही मरीन कोअरने एम-२४९ टाकून दिली नाही, ती कंपनीच्या हाताशी ठेवली.

आपल्याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत येथे आठवते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे जवान पडले आणि एकटे घाडगे उरले. त्यांनी धाव घेऊन ग्रेनेडने ती मशीनगन बंद पाडली आणि टॉमी गनने (छोट्या सबमशीनगनने) एकाला टिपले. पुढे मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांवर ते टॉमी गनच्या दस्त्याने तुटून पडले. नंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पराक्रमाची वेळ जवानावर येऊ नये, यासाठीच सेक्शनजवळ न थांबणारा फायर असावा, असे मला मनापासून वाटते.

विद्यार्थी, खानापूर
दोघांचेही आभार. नेगेव्हमध्ये ७.६२ मिमी गोळी का निवडली, एवढेच सांगावे. इन्सास एलएमजी तर ५.५६ मिमीची होती.

निवृत्त हवालदार, निपाणी
डोंगरात एका धारेवरून समोरच्या धारेवर फायर करताना अंतर मोठे असते, दगड रचून केलेल्या आडोशामागे, म्हणजे संगरामागे, शत्रू दडलेला असतो. तेथे जड गोळी अधिक परिणामकारक ठरते. शिवाय इन्सास एलएमजीचे मॅगझिन ३० गोळ्यांचेच होते. याची किंमत मात्र पाठीवर मोजावी लागते, कारण ५.५६ ची गोळी साधारण १२ ग्रॅमची, तर ही साधारण २४ ग्रॅमची. म्हणजे ६०० गोळ्यांमागे सात किलोंहून अधिक वजन वाढले. ते एकट्या गनरवर न टाकता पट्टे सेक्शनमधल्या सर्वांत वाटून द्यावे लागतात आणि ते वेळेवर गनपाशी पोहोचतील, हे सेक्शन कमांडरने जातीने पाहावे लागते.