निम बिन आणि कॅमॅक क्रेट हाताशी आहे, म्यूऑन टेलिस्कोपसाठी पुढे काय घ्यावं? (वाशी)

वाशी_भौतिक

नमस्कार मंडळी. वाशीतल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांना न्यूक्लिअर आणि पार्टिकलची प्रॅक्टिकल्स शिकवते. एका बंद झालेल्या लॅबमधून आमच्याकडे सामान आलंय. एक निम बिन (मॉड्यूलना वीज देणारी प्रमाणित चौकट), त्यात डिस्क्रिमिनेटर (पुरेसा मोठा पल्स आला की ठराविक आकाराचा पल्स देणारा), कोइन्सिडन्स युनिट (पल्स एकाच वेळी आले तरच सिग्नल देणारं) आणि स्केलर (पल्स मोजणारा). शिवाय २५ स्टेशनांचा (स्लॉटांचा) कॅमॅक क्रेट, म्हणजे पीसीने वाचता येणारी तशीच चौकट, त्यात लेक्रॉयचं १२ चॅनेलचं चार्ज एडीसी २२४९ए (पल्समधला विद्युतभार मोजणारं) आणि ८ चॅनेलचं टीडीसी २२२८ए (दोन पल्समधला वेळ मोजणारं). क्रेट कंट्रोलरची केबल जाते आयएसए या जुन्या पद्धतीच्या पीसी कार्डाला, आणि ते कार्ड बसेल असा पीसी आता आमच्याकडे नाही. सात-आठ वर्षं हे सगळं प्लास्टिकखाली झाकलेलं होतं.

३० बाय ३० सेंमीची तीन सिंटिलेटर पॅडल (कण आरपार गेला की चमकणारे पत्रे) एकावर एक ठेवून वैश्विक किरणांतले म्यूऑन कण मोजणारा म्यूऑन टेलिस्कोप करायचाय, पुढच्या सत्रात म्यूऑनचं आयुर्मान. साडेचार लाख मंजूर आहेत, मार्चच्या आत खर्च व्हायला हवेत. एक विक्रेता म्हणतो जुनं भंगारात द्या आणि व्हीएमई (कॅमॅकनंतरचं स्टँडर्ड) क्रेट घ्या. दुसरा म्हणतो आता जगभर मायक्रोटीसीए (त्याहून नवं क्रेट स्टँडर्ड) चालतं. माझा जीव या जुन्या सामानात अडकलाय, पण तो नुसत्या मायेपोटी की खरंच उपयोग आहे म्हणून, ते कळत नाहीये. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी सांगावं.

ऐरोली_निवृत्त

ताई, भंगारात काहीही देऊ नका. निदान निम बिन तरी नाहीच.

माझी सगळी नोकरी या क्रेटांमध्ये गेली. निम स्टँडर्ड १९६४ चं, कॅमॅक १९६९ चं. निमच्या बॅकप्लेनवर (मागच्या जोडणीच्या पाटीवर) फक्त वीज असते, डेटाचा बस (मॉड्यूलांची सामायिक वाहिनी) नसतोच. सगळा सिग्नल समोरच्या लेमो केबलींतून जातो. शिकवायला हेच हवं. डिस्क्रिमिनेटरमधून निघालेली केबल कोइन्सिडन्सच्या कुठल्या भोकात जाते ते मुलगा बोटाने दाखवू शकतो. ट्रिगर, म्हणजे कोणती घटना नोंदवायची हा निर्णय, तिथे डोळ्यांना दिसतो.

आता काळजीचं. मॉड्यूल नंतर, आधी पॉवर सप्लाय. सगळी मॉड्यूल बाहेर काढा, रिकामा क्रेट डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) घ्या आणि व्होल्टेज हळूहळू, तास-दीड तास लावून वर न्या. इतकी वर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम २३० व्होल्टवर घेतलेत तर फुटतात. मग डमी लोड लावून प्रत्येक लाइन मोजा, मीटरवर आणि स्कोपवरही. मीटर ६.०१ दाखवतो आणि स्कोपवर १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजमधली लहर) नाचत असतो. कॅमॅकला ±६ आणि ±२४ लागतात. निममध्ये ±१२ आणि ±२४ असतातच, पण कित्येक जुन्या बिनांत ±६ नसतात, आणि फास्ट लॉजिकच्या बऱ्याच मॉड्यूलना तेच लागतात. बिनाच्या पॅनेलवर टेस्ट पॉइंट असतील, तिथे आजच बघा.

हे एवढं का सांगतोय, तर आमच्या जुन्या ठिकाणी एकदा सप्लायचा सिरीज पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. ६ व्होल्टच्या लाइनवर ११ आले आणि एका दुपारीत नऊ मॉड्यूल गेली. त्यातली दोन परत कधीच मिळाली नाहीत. अजून वाईट वाटतं.

कॅमॅक कार्डाच्या कडेचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबराने घासू नका, मुलामा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरे. खाडीकाठच्या हवेत हे दर पावसाळ्यानंतर करा. आणि क्रेट चालू असताना कार्ड काढायचं-घालायचं नाही, कधीच.

महापे_बोर्ड

काकांना अनुमोदन. मी महापे एमआयडीसीत एफपीजीए बोर्ड (आतलं लॉजिक आपण ठरवतो अशा चिपची बोर्डं) डिझाइन करते, म्हणून रीडआउटबद्दल, म्हणजे डेटा वाचून घेण्याबद्दल लिहिते.

समुद्रसपाटीला दर चौरस सेंमीतून मिनिटाला साधारण १ म्यूऑन जातो. तुमच्या एका पॅडलवर मिनिटाला ९०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला १५. तिन्ही पॅडलांतून आरपार जाणारे त्याहूनही कमी. कॅमॅकचं एक सायकल १ मायक्रोसेकंदाचं आहे. सेकंदाला १५ घटना वाचायला ते हजारो पटींनी वेगवान झालं. मग बसच्या वेगासाठी पैसे का घालायचे?

मायक्रोटीसीए उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. सर्नच्या एलएचसी या कण-त्वरकामध्ये ४० मेगाहर्ट्झने प्रोटॉनचे बंच (पुंजके) एकमेकांना भेटतात आणि पहिल्या पातळीच्या ट्रिगरला त्यातून १०० किलोहर्ट्झपर्यंत गाळून काढावं लागतं. तिथे समांतर बस पुरत नाही, बोर्डाबोर्डांत गिगाबिटच्या सिरियल लिंक लागतात. म्हणून तिथल्या सीएमएस प्रयोगाने २०१६ च्या आसपास ट्रिगर मायक्रोटीसीएवर नेला आणि पुढच्या टप्प्यासाठी एटीसीएची (त्याच घराण्यातल्या स्टँडर्डची) मोठी बोर्डं घेतली. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या एक्स-रे लेझरमध्ये मायक्रोटीसीएचीच एमटीसीए.४ ही आवृत्ती आहे. पण त्या क्रेटला एमसीएच नावाचा कंट्रोलर लागतो, प्रत्येक बोर्डावर मॅनेजमेंटचा वेगळा मायक्रोकंट्रोलर असतो, आणि तो नीट बोलला नाही तर बोर्डाला वीजच मिळत नाही. तीन पॅडलांसाठी हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

माझा सल्ला: ट्रिगर निममध्येच ठेवा. कोइन्सिडन्सचा आउटपुट निम-टीटीएल ट्रान्सलेटरमधून (निमचे पल्स साध्या डिजिटल पातळीत बदलणाऱ्या मॉड्यूलमधून) काढा, ३.३ व्होल्टच्या बफरमधून एफपीजीए बोर्डात घ्या आणि १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर टाइमस्टँप घ्या. म्यूऑनचं आयुर्मान २.२ मायक्रोसेकंद आहे, त्याला १० नॅनोसेकंदाची पायरी भरपूर झाली. व्हेरिलॉग (एफपीजीएचं लॉजिक लिहायची भाषा) मुलांनाच लिहू द्या. फक्त निमचा सिग्नल थेट एफपीजीएच्या पिनवर देऊ नका. तो −०.८ व्होल्टचा असतो, पिन जळू शकते.

ठाणे_नौपाडा

पीएचडीत कॅमॅक आणि व्हीएमई दोन्ही वापरलंय, म्हणून दोन गोष्टी.

मॅडम, तुमचं २२२८ए आयुर्मानाला चालणार नाही. त्याचे नेहमीचे रेंज १००, २०० आणि ५०० नॅनोसेकंद. २.२ मायक्रोसेकंदांचा क्षय त्यात मावतच नाही. वरच्या आणि खालच्या पॅडलमधला उड्डाणकाळ मोजायला मात्र छान आहे. म्हणजे कॅमॅक ठेवण्यात अर्थ आहे, फक्त कंट्रोलर बदला. २४ आणि २५ व्या स्टेशनात बसणारा यूएसबी कंट्रोलर मिळतो, विनरचा सीसी-यूएसबी त्यातलाच. आधी कुणाकडून तो चार दिवस उसना आणा. एडीसीला एफ २, ए ० (वाचण्याची आज्ञा) पाठवा आणि एक्स व क्यू (मॉड्यूलचे उत्तरादाखल सिग्नल) येतात का बघा. एक्स आला म्हणजे मॉड्यूलने आज्ञा ओळखली. तोच आला नाही तर कंट्रोलरवर पैसे घालू नका.

सेकंडहँड व्हीएमई क्रेट स्वस्त दिसतो, पण जुन्या बॅकप्लेनवर रिकाम्या स्लॉटना बस-ग्रँट आणि आयॅकचे (बस वापरण्याच्या आणि इंटरप्टच्या परवानगीचे सिग्नल पुढे नेणारे) जंपर लावावे लागतात. एक राहिला की पुढची सगळी कार्डं इंटरप्टला मुकी. माझे सहा आठवडे त्यात गेले. काही एडीसींना तर −५.२ व्होल्ट देणारा व्ही४३० जातीचा बॅकप्लेनच हवा असतो, साध्या क्रेटमध्ये ती चालत नाहीत.

वाशी_भौतिक

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. परीक्षा होत्या.

काका, तुमचं ऐकून डिमरस्टॅट आणला. कॅमॅकच्या −६ च्या लाइनवर खरंच रिपल होता. कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि आमच्या लॅब असिस्टंट दादांनी बसवले. आता स्कोपवर रेघ सरळ आहे. निम बिनात ±६ आहेत. सीसी-यूएसबी उसना मिळाला, एडीसीने एक्स आणि क्यू दोन्ही दिले. त्या दिवशी लॅबमध्ये पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण एक अडलंय. डिस्क्रिमिनेटरचा आउटपुट ५ मीटरच्या केबलीने स्कोपला लावला तर −०.८ ऐवजी −१.६ दिसतो, मागे आणखी छोटे छोटे पल्स. स्केलरचे आकडेही अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट. डिस्क्रिमिनेटर गेला का?

ऐरोली_निवृत्त

गेला नाही ताई. स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर असणार. निमचा आउटपुट म्हणजे १६ मिलिअँपियरचा प्रवाह, ५० ओहममध्ये गेला तरच −०.८. शेवट उघडा असला की तिथे तो दुप्पट होतो आणि परत फिरतो. केबलीत मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ५ मीटरला जाऊन-येऊन ५० नॅनोसेकंद. मागचे पल्स तेवढ्याच अंतराने आहेत का ते मुलांना मोजायला सांगा. स्कोप ५० ओहमवर घ्या किंवा टी लावून टर्मिनेटर (५० ओहमचा रोध) बसवा. स्केलरचा इनपुट हाय इंपिडन्सवर असेल तर तिथेही तेच. आणि डिस्क्रिमिनेटरचे दोन आउटपुट आतून जोडलेले असतील तर मोकळ्या राहिलेल्यावरही ५० ओहमची टोपी लागते.

महापे_बोर्ड

जोडीने पल्सची रुंदीही बघा. समजा प्रत्येक पॅडल सेकंदाला ५०० मोजतंय आणि पल्स ५० नॅनोसेकंदांचे आहेत, तर दोन पॅडलांत योगायोगाने जुळणाऱ्या घटना मिनिटाला दीड. तिसरं पॅडल जोडलं की त्या जवळजवळ नाहीशा होतात. मुलांकडून हे आधी कागदावर काढून घ्या, मग मोजा.

वाशी_भौतिक

५० ओहम लावताच −०.८ आला, मागचे पल्स गेले. मुलांनी आधी मोजलेलं अंतर ४९ नॅनोसेकंद भरलं. एका मुलीने त्यावरून केबलीतला वेग काढला आणि सबमिशनला तोच प्रयोग लिहिला.

खरेदीचं ठरलं: यूएसबी कंट्रोलर, एक निम-टीटीएल ट्रान्सलेटर, दोन एफपीजीए बोर्डं, लेमो केबली आणि मूठभर टर्मिनेटर. कोटेशन मागवलीत. उरलेल्या पैशांत फोटोमल्टिप्लायरसाठी (सिंटिलेटरची चमक पकडणाऱ्या नळीसाठी) एक सुटी हाय व्होल्टेज सप्लाय घ्यावी असं मनात आहे, पावसाळ्यात आहे ती गळती करंट दाखवते.

ठाणे_नौपाडा

घ्या, पण आधी पीएमटीचे (फोटोमल्टिप्लायरचे) बेस वाळवून बघा. गळती बहुतेक तिथेच असते. आणि आयुर्मान २.२ पेक्षा थोडं कमी आलं तर घाबरू नका. ऋण म्यूऑन सिंटिलेटरमधल्या कार्बनच्या केंद्रकात पकडले जातात, त्यामुळे सरासरी खाली येते. आकडा आला की इथे टाका, मी वाट बघतोय.