मदत हवी आहे: गच्चीवर घेटुळी कशी लावायची?

नमस्कार मंडळी, मी खारघरला राहते, वरची गच्ची आमचीच पण पश्चिमेचं ऊन असं की मे महिन्यात चप्पल घातल्याशिवाय पाय टेकवत नाही, त्यात सोसायटीचं पाणी एकच वेळ, म्हणून लॉनचा नाद सोडला. सासूबाई म्हणाल्या घेटुळी लाव, म्हणजे पुनर्नवा, मूळ खोल जातं त्यामुळे पाणी कमी लागतं आणि वरून वाळली तरी पावसात मुळापासून परत फुटते, नावच तसं आहे. कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळी.

रिकाम्या प्लॉटवरून दोन रोपं उपटून आणली, दोन्ही मेली. सोटमूळ अर्ध्यात तुटलं, चूक माझीच. मग नर्सरीतून पुनर्नवा म्हणून एक आणलं तर त्याची पानं घोळीसारखी मांसल आणि फूल पानाच्या बेचक्यात एकेकटं. हे दुसरंच वाटतंय मला, खऱ्या घेटुळीला बारीक दांड्यावर गुलाबी-जांभळ्या इवल्या फुलांचे झुबके येतात ना, आणि बिया कपड्याला चिकटतात?

तर बियांपासून कोणी लावलीय का? माझे क्रेट आठ इंची आहेत, मूळ खाली अडेल का? मातीत कोकोपीट भरपूर पडलंय, पावसात कुजेल अशी भीती वाटते, वाळू किती घालू? कोणाकडे बिया असतील तर बेलापूर-पनवेल कुठेही घ्यायला येते.

आणि काढे-बिढे सुचवू नका प्लीज, सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, आम्हाला फक्त गच्ची हिरवी करायचीय. फार तर भाजी.