टोड, भेक की बेडूक? आंबोलीच्या छोट्या रहिवाशाचं मराठी नाव

प्रश्न

निसर्ग मंडळातल्या मुलांसाठी आंबोलीतल्या प्राण्यांचे मराठी माहितीफलक तयार करतोय. 'आंबोली टोड'पाशी अडलो आहे. 'टोड' तसाच ठेवावा, 'भेक' लिहावं की सरळ 'बेडूक'? शास्त्रीय नावाचा अर्थही द्यायचा आहे. आणि 'वितरण : फक्त आंबोली' हे वाक्य मलाच खटकतंय. तिथे काय लिहावं?

प्रतिसाद

माझं मत 'भेक'च्या बाजूने आहे, पण त्यातली अडचण आधी सांगतो.

बोलीत आपण हा भेद करत नाही. गुळगुळीत, ओल्या कातडीचा तोही बेडूक आणि खरखरीत, गाठी-गाठींच्या कातडीचा, लांब उडी न मारता टुणटुणत जाणारा तोही बेडूकच. 'भेक' संस्कृतातून आलेला शब्द, आणि तिथेही तो सगळ्याच बेडकांसाठी होता. अमरकोशातली ओळ आहे : 'भेके मण्डूकवर्षाभूशालूरप्लवदर्दुराः'. म्हणजे भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव, दर्दुर हे सगळे एकाच अर्थाचे. (यातला 'वर्षाभू', पावसात जन्मणारा, किती अचूक आहे बघा.) ब्युफोनिडी कुळातल्या, म्हणजे इंग्रजीत ज्यांना टोड म्हणतात त्या प्राण्यांपुरता 'भेक' राखून ठेवला तो मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी. ती सोय आहे, परंपरा नव्हे. पण चांगली सोय आहे. शब्द आपल्याच घरातला, दोन अक्षरी, आणि रोजच्या बोलण्यात दुसऱ्या कामाला लागलेला नाही.

फलकावर पहिल्यांदा लिहिताना 'आंबोली भेक' आणि लगेच खाली 'खरखरीत कातडीच्या बेडकांना भेक म्हणतात' एवढं वाक्य टाका. पुढे मग नुसतं 'भेक' चालेल.

प्रतिसाद

एक व्यवहारातली गोष्ट. आंबोलीच्या जंगलात भेकर आहे. तिथल्या मुलांनी 'भेक' ऐकला की त्यांना आधी भेकर आठवेल. म्हणून अक्षर मोठं ठेवा आणि शेजारी चित्र हवंच. 'भेक' आणि 'भेकड' यांचा संबंध कुणी जोडायला लागलं तर तोही तिथेच थांबवा.

प्रतिसाद

शास्त्रीय नावाबद्दल लिहितो, कारण त्यात शब्दप्रेमींसाठी बरंच आहे.

नाव झॅन्थोफ्रायनी टायगेरिना. ग्रीकमध्ये झॅन्थोस म्हणजे पिवळा आणि फ्रायनी म्हणजे भेक. हा प्राणी जेमतेम तीनेक सेंटिमीटरचा, पण कुशीवर पिवळेजर्द पट्टे असतात, त्यावरून प्रजातीचं (जीनसचं, म्हणजे जोडनावातलं पहिलं) नाव पडलं; पट्टे वाघासारखे म्हणून जातीचं (स्पीशीजचं) नाव टायगेरिना. एस. डी. बिजू, वरद गिरी हे संशोधक आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी हे नाव 2009 मधल्या शोधलेखात दिलं. त्याच लेखात त्यांनी आणखी एक नवी प्रजाती मांडली, घाटोफ्रायनी. आपला 'घाट' ग्रीक शब्दाला जोडून!

या प्रजातीतला दुसरा भेक कोयनेचा. त्याचं वर्णन सोमण यांनी 1963 मध्येच केलं होतं, शिवाजीसागर जलाशयाजवळच्या हुंबर्लीतून. तेव्हा तो ब्युफो कोयनायेन्सिस होता, 2009 मध्ये झॅन्थोफ्रायनी कोयनायेन्सिस झाला. इथे लिंगाचा मुद्दा येतो आणि तो मला फार आवडतो. ब्युफो पुल्लिंगी, झॅन्थोफ्रायनी स्त्रीलिंगी. तरी 'कोयनायेन्सिस'चं रूप बदललं नाही, कारण लॅटिनमध्ये '-एन्सिस' (अमुक ठिकाणचा) दोन्ही लिंगांत तसाच राहतो. 'टायगेरिना'चं तसं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात दिसणारा तो भला मोठा बेडूक पूर्वी राना टायगेरिना होता. राना स्त्रीलिंगी, म्हणून टायगेरिना. तो होप्लोबॅट्राकस या पुल्लिंगी प्रजातीत गेला आणि टायगेरिनस झाला. 'काळी गाय, काळा बैल' हाच नियम.

म्हणूनच मराठी नावात 'वाघ' आणू नका. मोठ्या बेडकाच्या नावात तो आधीच आहे आणि मुलांचा गोंधळ होईल. जागेचं नाव जास्त नेमकं.

प्रतिसाद

राहिलं 'वितरण'. तुम्हाला खटकलं ते बरोबर आहे. मराठीत वितरण कुणीतरी करतं : वर्तमानपत्रांचं, धान्याचं, विजेचं. भेक आपणहून तिथे राहतो. त्याला 'आढळ' हा सुरेख शब्द आहे, आणि नकाशावरच्या भागासाठी 'आढळक्षेत्र'.

दुसरं, 'स्थानिक' आणि 'प्रदेशनिष्ठ' एक नव्हेत. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला बसणारा नेहमीचा भेक, दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, इथला स्थानिकच आहे. पण तो भारतभर आणि पार आग्नेय आशियापर्यंत आढळतो. प्रदेशनिष्ठ म्हणजे जगात इतरत्र कुठेच नसलेला. झॅन्थोफ्रायनीचे दोन्ही भेक उत्तर सह्याद्रीचे प्रदेशनिष्ठ आहेत : एक आंबोली परिसरातला, दुसरा कोयना-चांदोली भागातला. दोघांमध्ये शंभराहून अधिक किलोमीटर डोंगर. आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त गणला जातो, कोयनेचा संकटग्रस्त. 'अति' चुकून गाळू नका, त्या दोन वेगळ्या श्रेणी आहेत.

आढळ इतका तुटपुंजा का, हेही एका ओळीत यावं. हा भेक जांभ्याच्या कातळावर, पावसाने भरलेल्या उथळ खळग्यांत अंडी घालतो. ओंजळभर पाण्यात. नेहमीचा भेक अंड्यांच्या लांबच लांब माळा सोडतो, हजारोंनी. हा मोजकीच घालतो. पावसाने मध्येच चार दिवस दडी मारली की खळगा आटतो. तळं खोदून दिलं म्हणून याचं भागत नाही, त्याला कातळाचा सडाच, म्हणजे उघडं खडकाळ पठारच लागतं. त्यात पावसाळ्यातल्या रात्री रस्ता ओलांडताना गाड्यांखाली सापडतात ते वेगळेच.

फलकाचा मजकूर असा करता येईल : 'आंबोली भेक. आढळ : आंबोली परिसर, जिल्हा सिंधुदुर्ग. उत्तर सह्याद्रीत प्रदेशनिष्ठ. अतिसंकटग्रस्त. पावसाळ्यात सड्यावर चालताना पाण्याच्या खळग्यांत पाय देऊ नका.'

गावाचं नाव द्या, पण नेमका कोणता सडा ते लिहू नका. फोटोसाठी रात्री टॉर्च घेऊन जाणाऱ्यांची गर्दी त्याच चार खळग्यांवर होते.