बारोलो तीन तासांत बदलली कशी? दुसरी बाटली पेवात ठेवू का?

संत्रावाला_वरुड
राम राम मंडळी. वरुडकडे संत्र्याची बाग आहे, वाईनमधलं काही कळत नाही. पण फोड तोंडात टाकली की आंबिया बहाराची का मृग बहाराची, तेवढं सांगतो.

पुतण्या इटलीत असतो, तुरिनला. दिवाळीत बारोलो नावाच्या तांबड्या वाईनच्या दोन बाटल्या घेऊन आला, 2015 च्या. परवा रात्री आठला एक उघडली. रंग इतका फिका की गिलासातून पलीकडचं बोट दिसे. घोट घेतला तर हिरड्याच आवळल्या. अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरते ना, तसं. वरून घरात मटणाचा तिखटजाळ रस्सा. बायको म्हणे, "बाप्पा, एवढ्या दुरून काढा काऊन आणला?"

तेवढ्यात शेतातली लाईन आली. बाग ताणावर आहे, म्हणजे पाणी तोडलंय, पण गव्हाचं ओलित होतं. मोटर लावून परत यायला साडेअकरा झाले. चहाच्या गिलासात उरलेली तशीच होती. तोंडाजवळ नेली अन् थांबलो. वाळल्या गुलाबाचा वास, त्यामागून तापलेल्या डांबराचा. तुरटपणा होता, पण आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसा. एक वाजेपर्यंत तीनदा वेगळी लागली.

गिलासात झालं काय नेमकं? आणि दुसरी पुतण्या म्हणतो दहा वर्षं ठेवा. आजोबांच्या काळचं ज्वारी साठवायचं जमिनीखालचं पेव आहे, त्यात ठेवू?

दिंडोरीचं_तळघर
रंगावर जाऊ नका. ही नेबिओलो द्राक्षाची, इटलीतल्या पिएमोंते भागातली. रंग फिका, टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, मात्र भरपूर. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ कोरडी पडते. विक्रीआधी किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडात, असा तिथला नियमच आहे.

हवा लागली की कोंडलेले वास मोकळे होतात, ते तुम्ही अनुभवलंत. टॅनिन मात्र तीन तासांत फारसं बदलत नाही. आठ वाजता तुमच्या तोंडात रस्सा होता! तिखटावर तुरटपणा जास्तच बोचतो. टॅनिन खरं मऊ होतं ते वर्षानुवर्षं बाटलीत. कण एकमेकांना चिकटून गाळ बसतो, रंग विटकरी होतो.

पेवाची कल्पना झकास, पण हिला हवेत 12-14 अंश. काही मीटर खाली माती वर्षाच्या सरासरी तापमानाला असते, म्हणजे तुमच्याकडे 26-27. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, बूच ओलं राहील. आदर्श नाही, पण उन्हाळ्यात बाहेर 45 अंशांत शिजण्यापेक्षा बरं. दहा वर्षांचा हट्ट सोडा, दोन-तीन वर्षांत उघडा. उघडायच्या आधी तासभर बाहेर काढा.

मोहफूल
वाईन राहू द्या, भाऊ, बंद पेवात एकदम उतरू नका. आत कोंदट हवा साचते, माणूस वर येत नाही. आमचे आजोबा आधी कंदील सोडत. विझला की पेव उघडं टाकून घरी.

संत्रावाला_वरुड
पेव रद्द. बाटली भाजीच्या कप्प्यात आडवी घातली, बायकोनं लगेच वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या.

पहिलीत तळाशी दोन बोटं उरली होती, ती काल संध्याकाळी घेतली. आधी काही खाल्लं नाही. गुलाब पार गेला होता. शेवटी बारीक गाळ लागला जिभेला, अन् वास आला तो ओळखीचा. उन्हात वाळत टाकलेल्या संत्र्याच्या सालीचा.